घरघंटीवर दळणं घेतो, त्याचा तीन वर्षांचा हिशेब

मशीन घेतलं ते २०२२ च्या दिवाळीनंतर. एक एचपीची, सिंगल फेजवर चालणारी घरघंटी, म्हणजे घरात ठेवायची विजेची पिठाची गिरणी. किंमत २१,५०० रुपये. सोबत सहा जाळ्या, एक ब्रश आणि एक व्हॅक्यूमची नळी, जी मी पहिल्या आठवड्यातच माळ्यावर टाकली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तिच्या सर्व्हिसवाल्यांचा विषय येणार आहे. दुसरं म्हणजे, या तीन वर्षांत नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या घरघंट्या मी खोलून बघितल्यात. बाहेरचा सनमायका वेगळा, आतलं काम थोड्याफार फरकानं एकच.

घरातल्या चार माणसांपुरतं दळायला घेणार असाल तर पुढचं वाचत बसू नका. घेऊन टाका, पस्तावणार नाही. मी लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. नोकरी संपलीय, हातपाय चालतायत, दिवस सरत नाही आणि घरात राहून चार पैसे देणारं, कुणाची हजेरी नसलेलं काहीतरी काम हवंय. अशा माणसाला दुकानदार घरघंटी दाखवतो आणि म्हणतो, "काका, घरबसल्या धंदा." ते कितपत खरं, तेवढं सांगतो.

मी एसटीतला. सांगलीच्या विभागीय कार्यशाळेत कारागीर म्हणून लागलो आणि ३१ मे २०२२ ला प्रमुख कारागीर म्हणून बाहेर पडलो. शेवटच्या वर्षातले पाच-साडेपाच महिने संपात गेले, त्यामुळे निरोपाच्या नारळ-शालीलाही फारशी चव नव्हती. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून येणारी, पेन्शन साडेतीन हजारांच्या घरात. एसटीत राबलेल्याला हा आकडा समजावून सांगायला लागत नाही, बाकीच्यांना सांगूनही खरा वाटत नाही. पोरगा-सून मिळवते आहेत, खायची भ्रांत नव्हती. पण सकाळी साडेसहाला जाग यायची आणि डबा नाही, ड्युटी नाही. पहिले दोन महिने मी रोज दहा वाजता डेपोत जाऊन चहा पिऊन यायचो. एके दिवशी तिथल्या पोरानं विचारलं, "मामा, काही काम होतं का?" तेव्हापासून जाणं बंद केलं.

मधे एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरीही केली. बारा तासांची ड्युटी, बसायला एक मोडकी खुर्ची, आणि आठवडी सुट्टी मागितली की बदली माणूस तुम्हीच आणा. सात आठवड्यांत गुडघे सुजले. सोडली.

घरघंटीचं डोक्यात आलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या गल्लीच्या तोंडाची गिरणी कोरोनात बंद पडली ती परत उघडलीच नाही. मालक थकला आणि मुलगा पुण्याला नोकरीला. तेव्हापासून अख्ख्या गल्लीचं दळण स्टेशन रोडला जायचं. तिथं शनिवारी डब्यांची रांग, आणि आपल्या गव्हात दुसऱ्याची बाजरी मिसळून येणार ही धाकधूक. आमची ही म्हणाली, "मशीन दुरुस्त करण्यात जन्म गेला, आता एक घरात आणा की." मी आणलं.

आता मशीनबद्दल. जातं असो की दगडी गिरणी, दाणा दोन दगडांत सापडून भरडला जातो. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं ठोकून परत खरखरीत करायला लागतं, ते वेगळं कसब. घरघंटीत दगड नाही. आत लोखंडी पाती असतात, मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेणारी. दाणा त्यांच्यावर आपटून फुटतो, आणि जाळीच्या भोकातून निसटण्याएवढा बारीक होईपर्यंत आतल्या आतच आपटत राहतो. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तर या यंत्राचे सगळे गुण-दोष आपोआप कळतात. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, तेही मागच्या गल्लीतल्या आक्कांमुळे.

आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. तीन किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, देऊन गेल्या, संध्याकाळी पीठ नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या वाटीत थोडं पीठ घेऊन दारात हजर. "मामा, हात करा पुढं." तळहातावर चिमूट ठेवली. अंगठ्यानं चोळा म्हणाल्या. मग वास घ्या म्हणाल्या. खरंच, भाजल्यासारखा एक बारीक वास होता. "करपलंय की ओ पीठ. विरीच नाही त्याला. भाकरी थापायला घेतली की कडा फाटत्यात. काल रात्री तीन भाकरी मोडल्या माझ्या." रागावल्या नव्हत्या. गाडीचा गिअर अडकतोय असं ड्रायव्हरनं कार्यशाळेत येऊन सांगावं, त्या सुरात सांगत होत्या. ती भाषा मला कळते.

चूक माझी होती. सगळ्या धान्याला मी गव्हाचीच बारीक जाळी लावत होतो, पीठ मऊ आलं की लोक खूश होतील म्हणून. जाळी जितकी बारीक तितका दाणा आत जास्त वेळ घोळतो आणि पीठ तितकं तापतं. शाळूचं पीठ तापलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो. त्या आठवड्यात मी बाजारातून मालदांडी ज्वारी आणली, किलो-किलो करून तीन जाळ्यांवर दळली, हिनं तिन्हीच्या भाकरी केल्या आणि आक्कांना जेवायला बोलावलं. (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आक्कांच्या मानांकनापुढं ते काहीच नाही.) ठरलं ते असं: शाळूला मधली जाळी, धान्य सोडायचा नॉब निम्म्याच्या किंचित पुढे, चार किलो झाले की मशीन दहा मिनिटं बंद. आणि पीठ लगेच डब्यात कोंबायचं नाही, सुती कापडावर पसरून गार होऊ द्यायचं. गरम पीठ डब्यात झाकलं की झाकणाला आतून घाम येतो आणि चार दिवसांत वास धरतो. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. तिथं फक्त "मल्टिग्रेन" आणि हसरी बाई.

गव्हाला मात्र हे मशीन उत्तम. चपातीची कणीक गिरणीपेक्षा बारीक येते, कोंडा सगळा पिठातच राहतो. नाचणीही सुरेख. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजलं, तेव्हापासून शुगरवाले लोक नाचणी आणि ज्वारी-बाजरीची मिश्रणं घेऊन यायला लागले, ते अजून येतात. डाळीचं पीठ निघतं, पण हरभरा डाळ कडक असल्यानं मशीन आवाज करतं आणि वेळ जवळपास दुप्पट. शेंगदाणे, तीळ, जवस असलं तेलकट काही घालायचं नाही, जाळीची भोकं लिंपून जातात. हळद आणि मिरची तर नावही काढायचं नाही. सांगलीत राहून हळद दळत नाही म्हणालो की लोक हसतात. पण हळकुंड हे या पात्यांचं काम नव्हे, त्याला डंकनच, म्हणजे मसाला कुटायचं यंत्रच पाहिजे. मिरचीचं एक कांडप केलं असतं तर पुढचे सहा महिने गल्लीतली प्रत्येक चपाती तिखट लागली असती.

पावसाळ्यात सादळलेलं धान्य हा मोठा शत्रू. वरून दाणा कोरडा दिसतो, आत जाऊन जाळीला थापीव बसतो. मशीन घुं घुं करतं आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. हे बटण आहे हे चांगलं आहे, त्यानं माझी मोटर दोन-तीनदा वाचली. दार उघडलं की मोटर बंद पडायची सोयही चोख काम करते, नातू खेळता-खेळता दोनदा तपासून गेला. मी आता जून ते सप्टेंबर धान्य घेतानाच मूठभर दाणे हातात घासून बघतो, शंका आली की परत पाठवतो. "उन्हं दाखवून आणा," म्हणायचं. ऊन कुठलं आणायचं पावसात, असं विचारतात. तवा आहे की.

रचनेतला सगळ्यात मोठा दोष कुणी दुकानात सांगत नाही, कारण दुकानात मशीन रिकामं असतं. धान्य वरून जातं, पीठ तळाशी असलेल्या पिंपात पडतं. म्हणजे प्रत्येक दळणाला खाली वाकायचं, भरलेलं पिंप ओढून काढायचं आणि उचलायचं. घरच्या आठवड्याच्या एका दळणाला ठीक आहे. दिवसाला आठ-दहा दळणं घेणाऱ्या साठीच्या माणसाला हे म्हणजे कमरेचा निकाल. दहा दिवसांत माझी कंबर धरली. मग जुन्या ओळखीतल्या वेल्डरकडून अँगलचं एक फूट उंचीचं स्टँड करून घेतलं, खाली रबर लावलं. खर्च १,२०० रुपये. कंबर सुटली, रबरामुळे थरथरही कमी झाली. पण हॉपर इतका वर गेला की आमच्या हिचा हात पुरेना. आता ती पाटावर चढून धान्य ओतते. दोघांच्या उंचीचं मशीन अजून कुणी काढलेलं नाही. स्टँडचा आणखी एक फायदा होईल असं शेजारी म्हणतात, पुराचा. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तिथं माझं एक फूट काय करणार.

मी आणखी एक नियम केला. पाच किलोच्या वर डबा घेत नाही. दहा किलोचं दळण असेल तर दोन पिशव्यांत आणा. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. एक जण म्हणाला, "गिरणीवाला तर वीस किलोचा डबा एका हातानं उचलायचा." म्हटलं, बरोबर आहे, म्हणूनच त्यानं आता गिरणी बंद केलीय.

पैशाचं. गहू, शाळू, बाजरी किलोला आठ रुपये. नाचणी दहा. डाळीचं पीठ आणि भाजणी पंधरा. गव्हाचं दळण तासाला सात किलोच्या आसपास निघतं. कंपनी दहा-बारा सांगते, ते बहुतेक सर्वांत जाड जाळीवर भरड काढून मोजत असावी. दिवसाला तीन तास मशीन, सरासरी वीस किलो, महिन्याचे सव्वीस दिवस. हातात येतात साधारण ४,७०० रुपये. वीज मी मीटर बघून मोजलीय, तासाला पाऊण ते एक युनिटच्या मध्ये. महिन्याचं बिल सहाशे-सातशेनं वाढलं. जाळ्या फाटतात, ब्रश झिजतो, किरकोळ दुरुस्ती, त्याचे दोनशे धरा. खाली उरतात ३,८०० च्या आसपास. म्हणजे माझी पेन्शन डबल झाली असं म्हणता येईल, आणि दोन्ही मिळून पगाराच्या जवळपासही जात नाही असंही म्हणता येईल. दोन्ही खरं आहे. पहिले तीन महिने तर दिवसाला पाच किलोही यायचं नाही. मशीनचे पैसे वसूल व्हायला दहा महिने लागले. "महिना पंचवीस हजार घरबसल्या" असं सांगणाऱ्याला विचारा, एक एचपीच्या मोटरवर त्यासाठी रोज किती तास दळायचं? मी गुणाकार करून बघितला, झोपायला वेळ उरत नाही. तेवढं पाहिजे तर तीन-पाच एचपीची गिरणी, थ्री फेज, गाळा, हाताखाली माणूस. तो पूर्ण वेळेचा धंदा झाला, म्हातारपणचा विरंगुळा नव्हे.

विजेच्या बाबतीत एक भीती बऱ्याच जणांना असते, की घरात दळण सुरू केलं की मीटर व्यापारी होणार. महावितरणच्या दरपत्रकात तरतूद आहे: घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि एकूण वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, वर्षाला ३,६०० पर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. आमचा घरचा वापर आणि दळण मिळून पावणेदोनशेच्या पुढं जात नाही. त्यामुळे मी निवांत आहे, पण मीटरवर डोळा ठेवून.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. सुनेनं आधार आणि पॅन घेऊन अर्ध्या तासात केली. त्याच कामाचे कोपऱ्यावरच्या दुकानात पाचशे मागत होते. आणि आमची ही दिवाळीत भाजणीची पाकिटं विकायला लागली, तेव्हा अन्नसुरक्षेची नोंदणी घेतली. छोट्या व्यवसायाची होती, वर्षाचे १०० रुपये भरले. चौदा आकडी नंबर आला, तो पाकिटावर छापतो. पाकिटावर नंबर दिसला की लोक भाव करत नाहीत, हे माझं निरीक्षण.

भाजणी हा भाग खरं तर हिनं लिहायला पाहिजे. तांदूळ, हरभरा डाळ, मूग, उडीद धुऊन वाळवून भाजायचे, धणे-जिरे शेवटी. भाजलेलं धान्य ठिसूळ असतं, मशीनमधून पाण्यासारखं खाली येतं, मोटरवर ताणच नाही. हे यंत्र जणू चकलीच्या भाजणीसाठीच जन्माला आलंय. पण धण्याचा वास आतल्या पेटीत बसतो तो हटत नाही. पहिल्या दिवाळीत भाजणीनंतर एका मॅडमचे गहू दळले आणि त्यांच्या चपात्यांना थालीपिठाचा वास. तेव्हापासून भाजणी दिवसाच्या शेवटी, मग पेटी उघडून ब्रशनं झाडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच घरचे मूठभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायचं. उपवासाच्या पिठाचं तर वेगळंच सोवळं. राजगिरा, वरी, साबुदाणा फक्त एकादशीच्या आदल्या दिवशी, सकाळी पहिलं, जाळी धुऊन वाळवून. नवरात्रात आणि श्रावणात या एका गोष्टीसाठी बायका लांबून येतात, कारण मोठ्या गिरणीत ही शाश्वती कुणी देत नाही. माझ्या धंद्याचा खरा भाव तिथं आहे, वेगात नाही.

आता सर्व्हिस. चौदाव्या महिन्यात एक दिवस बटण दाबलं की नुसतं हूंऽऽ, मोटर फिरेना. एसटीतला कुणीही सांगेल, हा आवाज कशाचा. पण मोटरची वॉरंटी तीन वर्षांची होती आणि सील तोडलं की ती जाणार. म्हणून शहाण्यासारखी तक्रार नोंदवली. मुलगा आला अकराव्या दिवशी. अकरा दिवस दारात पाटी, "मशीन बंद आहे". मशीनला कान न लावता त्यानं सांगितलं, मोटर जळली, ४,८०० रुपये. वॉरंटीत का नाही? तर व्होल्टेजमुळे जळली, ते वॉरंटीत बसत नाही. तपासणीचे ३५० घेतले आणि गेला. संध्याकाळी मी सील तोडलं. मोटर ठणठणीत. मोटरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर फुगलेला होता, एवढंच. त्याच क्षमतेचा नवा १८० रुपयांना आणून बसवला, आजतागायत चालतोय. (ज्याला यातलं कळत नाही त्यानं हात घालू नये. प्लग काढलेला असला तरी कपॅसिटर झटका देतो.) मला राग पैशांचा नाही. जी बाई बचतीतून हे मशीन घेऊन पोट भरते, तिला तो पोरगा ४,८०० सांगून जात असेल, आणि ती देत असेल. त्यामुळे मशीन घेताना दुकानदाराला ऑफर विचारू नका. गावात दुरुस्ती कोण करतो, पाती आणि जाळ्या सुट्या मिळतात का, ते विचारा. व्होल्टेजचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नव्हता. आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर ते १९० पर्यंत उतरतं, म्हणून मी संध्याकाळी दळण घेतच नाही.

आवाजाचंही सांगायला पाहिजे. जाहिरातीत हे यंत्र मुकं असतं. प्रत्यक्षात बंद खोलीत चालू केलं की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलायला लागतं. आमचं बैठं घर, पण भिंतीला भिंत. पलीकडचे काका दुपारी झोपतात. म्हणून सकाळी नऊ ते बारा, बस. दुपारी एक ते चार बंद ठेवतो म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, पुणेकर झालात." पीठही उडतं, कितीही कापडी पिशवी लावा. मी नाकाला रुमाल बांधतो, तरी दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये, हे मी स्पष्ट सांगतो.

एकदा गव्हाच्या दळणातून एक नट आला. सहा एमएमचा, चांगला झिंक प्लेटिंगवाला. आत चुंबक आहे, पण त्याच्या हाती तो लागला नाही, थेट पात्यावर. काडकन आवाज आणि जाळी फाटली. दळण आणणारे माझेच जुने सहकारी निघाले. नट हातात घेऊन म्हणाले, "आपल्याच स्टोअरमधला दिसतोय." तेव्हापासून धान्य आधी चाळणीतून ओततो, आणि निवडून न आणलेलं दळण घेत नाही. बायका म्हणतात, निवडायला वेळ कुठं आहे. आता समोरच्या दोन म्हाताऱ्या किलोला पाच रुपये घेऊन निवडून-पाखडून देतात. त्यांचं सूप आणि माझं मशीन यांच्यात गल्लीच्या सगळ्या बातम्यांची देवाणघेवाण होते.

मला या कामात जे आवडतं ते यंत्रात नाही, बटणात आहे. माझं बटण माझ्या हातात. मे महिन्यात नातवाची सुट्टी असते, मी दिवसाआड दळतो. आषाढात मशीन धुऊन-पुसून झाकतो आणि दारावर पाटी लावतो, "दळण बंद. वारीला गेलो आहे. एकादशीनंतर या." एसटीत असताना आषाढी म्हणजे जादा गाड्या, रजा नाही. सगळ्या हयातीत पंढरपूरला गेलो तो ब्रेकडाऊन व्हॅनमध्ये बसून. निवृत्तीनंतर दोनदा चालत गेलो. परत आल्यावर ओट्यावर बावीस पिशव्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या लावून.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. एक कापला सर्व्हिससाठी, अर्धा त्या खालच्या पिंपासाठी. आणि घ्यायला जाताना घरून दोन किलो शाळू घेऊन जा, दुकानातच दळून मागा. दुकानदार गहू काढेल, नको म्हणा. दळून झालं की पिठात हात घाला. तळहाताला चटका बसला तर जाळी बदलायला लावा आणि परत बघा. जो दुकानदार हे करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

गेल्या महिन्यात आमच्याबरोबरचे एक कंडक्टर निवृत्त झाले. घरघंटी घ्यायची म्हणून चौकशीला आले. म्हटलं, पैसे घालायच्या आधी आठ दिवस माझ्याकडे बसा, दळणं तुम्ही करा, आलेले पैसे तुम्ही न्या. तीन दिवस आले. सुट्टे पैसे द्यायला हात सराईत, पण पीठ नाकात गेलं की वैतागायचे, आणि मशीन चालू असताना गप्पा मारता येत नाहीत ही त्यांची मुख्य तक्रार. चौथ्या दिवशी ते आलेच नाहीत. अकराच्या सुमाराला त्यांच्या मिसेस, आमच्या वहिनी, आल्या, पिशवीत सव्वा किलो नाचणी. "ह्यांना जमायचं नाही ते," म्हणाल्या, आणि पदर खोचून पाटावर चढल्या. "याला जाळी कुठली लावायची, भाऊजी?"